पोहे खाल्ले दलवाल्यांनी

मोहने
९ नोव्हेंबर, रविवार

सहदेव,

आशीर्वाद शेवटी देते, आधी हे ऐक. पहिली आली ती एक बाई. उंच, केस कापलेले, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, अगदी तू घालतोस तसं. तिच्या मागून एक पोरगा, निळा कोट, दाढी कोरलेली, बूट एवढे चकाचक की मला त्यात माझा पदर दिसला. मी म्हटलं, आले! बाळकुमचे आले! अकराचं सांगून साडेदहालाच दारात, म्हणजे माणसं हौशी दिसतायत.

तुला कुठून ठाऊक असणार, आज आपल्या रुचिताला बघायला येणार होते. तुळशीचं लग्न लागलं, म्हटलं आता घरातलं पण मनावर घेऊ. मुलगा केदार, बाळकुमला टॉवरमध्ये राहतो, घरी आई चित्राबाई आणि तो, दोघंच. तुझ्या भाच्याने, रघुने, फोनवर सगळं ठरवलं आणि आज सकाळी स्वतःच रिक्षा घेऊन गायब. शहाड स्टेशनची भाडी त्याला सोडवत नाहीत, लेकीला बघायला येणार तरी. सूनबाई न्हाणीत. म्हणजे पाहुण्यांपुढे मी एकटी.

"या, या. घर सापडायला त्रास नाही ना झाला?"

बाई म्हणाली, "नाही आजी, आधी मैदानावर गेलो होतो. तिथल्या मुलांनी घर दाखवलं."

मी मनात म्हटलं, चांगलंय, चार लोकांत चौकशी करून आलेत. आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?

बसवलं. पंखा लावला. पोहे तयारच होते, वरून खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. पोराच्या हातात ताटली दिली आणि म्हटलं रघु नाही तर मीच विचारून घ्यावं, मागून घोळ नको.

"पगार किती रे बाबा?"

तो बाईकडे बघायला लागला. बाई म्हणाली, "सांग की."

"आजी, मानधन असतं. पगार असा नाही."

"म्हणजे कायम नाही झालास अजून. होशील. आणि घर?"

"भाड्याचं."

आता रघु तर टॉवरमध्ये स्वतःचं म्हणालेला. मी ते लक्षात ठेवलं. "आणि काही पितोस-बितोस?"

"चहा घेईन, आजी."

बाई तोंडावर रुमाल धरून बसलेली. मला वाटलं सर्दी झालीय. आणि पोरगा काय खात होता रे! एक ताटली संपली, दुसरी दिली, ती पण संपली. खाणारा जावई मला आवडतो, तुझे भावजी पण असेच खायचे.

मग मी रुचिताला हाक मारली. मोरपंखी साडी, हातात चहाचा ट्रे, मान खाली. दिसत होती कशी म्हणून सांगू! मधोमध आली, बाईला कप दिला, पोराला दिला आणि आत जायला वळली. तेवढ्यात मागच्या दारातून आपली सान्वी, रुचिताची धाकटी. रविवार म्हणून कॅडेट दलाच्या गणवेशात. तिने त्या बाईच्या कॉलरवरचा बिल्ला बघितला आणि दारातच पाय आपटून ओरडली, "जय हिंद, मॅडम!"

आणि सहदेव, आपली रुचिता! हातात ट्रे, अंगावर नऊवारीसारखी जड साडी, आणि ती तिथल्या तिथे पीछे मुड झाली. उजव्या टाचेवर गर्रकन, डावा पाय असा आपटला की कपबशा नाचल्या. थेंब सांडला नाही. सावधान उभी! बारा वर्षं झाली तिला तू शिकवल्याला, दलातून बाहेर पडून पण पाच-सहा वर्षं झाली, पण पायातून काही गेलं नाही.

सान्वी म्हणाली, "आजी, हे मुख्यालयातून आलेत! तपासणीला!"

बाईंनी रुमाल खाली घेतला आणि पोटभर हसून घेतलं. त्या अंतरा मॅडम, दलाच्या मुख्यालयातल्या. आणि ज्याला मी पगार विचारत होते तो त्यांचा मदतनीस, अद्वय. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणतात, "तुम्ही बोलू कुठे दिलंत?"

आणि नेमके तेव्हाच खरे पाहुणे दारात. चित्राबाई, केदार. चित्राबाईंनी काय बघितलं असेल तूच विचार कर. निळ्या कोटातला मुलगा आमच्या खुर्चीवर बसून पोहे खातोय आणि नटलेली मुलगी त्याच्यापुढे ताठ उभी. त्या आत पण नीट आल्या नाहीत. "एका दिवशी दोन-दोन स्थळं बोलावता काय तुम्ही?" मी म्हटलं, अहो तसं नाही, हे कॅडेटवाले. तर म्हणतात, "कोणीवाले असोत, वेळ आमची होती." आणि पोहे द्यायला गेले तर पातेल्यात नव्हतेच उरले. केदार सगळा वेळ फोनमध्ये बघत होता, आला तसा गेला.

रघु मला संध्याकाळी लई बोलला. मला हसू आवरेना, मग तो अजून बोलला.

मॅडमनी तुझीही चौकशी केली. मी सांगितलं, बरा आहे. परत येतो म्हणाल्यात. ते नंतर लिहिते, भाकऱ्या टाकायच्या आहेत. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून हे लिहायचं चाललंय, चौथीपर्यंतच्या शाळेचा एवढा उपयोग आयुष्यात पहिल्यांदा झाला.

आशीर्वाद.
तुझी आक्का

मोहने
१७ नोव्हेंबर

सहदेव,

पत्र मिळालं असेल. पोस्टमनला विचारलं, पाटणकडची पत्रं किती दिवसांनी पोचतात, तर म्हणतो आजी, आता कोण पत्रं लिहितं. म्हणजे त्याला पण माहीत नाही.

काल रविवार होता. रविवारी सहाला मला आपोआप जाग येते. तुझी शिट्टी वाजायची ना मैदानावर, सवय लागलीय. आता वाजत नाही तरी उठते आणि घरात इकडून तिकडे करते. सूनबाई म्हणते, आई बसा की जरा. कशी बसू? मग शेवटी चप्पल घालून मैदानावर जाते.

पोरं येतात रे. सगळी येतात. कंपनीच्या चिमणीकडच्या बाजूला रांगेत उभी राहतात आणि मग काय करायचं ते त्यांना कळत नाही. प्रमुख नसताना कवायत घ्यायची नाही असा मुख्यालयाचा नियम, काही झालं तर विमा मिळत नाही. म्हणून सान्वी त्यांच्याकडून कागद गोळा करून घेते, गवत उपटून घेते, झेंड्याची दोरी धुऊन घेते. गेल्या आठवड्यात तीच दोरी दोनदा धुतली. तेरा वर्षांची पोर, पण आवाज काय आहे! "दाएँ देख" म्हणाली तर पलीकडच्या गल्लीतल्या बायका पण उजवीकडे बघतात. अगदी तुझ्यावर गेलीय. हे तुला आवडावं म्हणून नाही लिहिलं, खरं आहे म्हणून लिहिलं.

मॅडमना आपलं सगळं दाखवलं मी त्या दिवशी. समितीचं कपाट, ताडपत्री, पाण्याचे जार. त्या मला नीट समजावून सांगत होत्या, जशी मी पहिल्या दिवसाची. मुख्यालय अभ्यासक्रम देतं, बिल्ले देतं, विमा देतं, तपासणीला येतं. तुकडीचा प्रमुख मैदान सांभाळतो, तिथे हुकूम त्याचा. आणि जागा, गणवेश, नाश्ता, पोरांची काळजी आणि आईबापांची गाऱ्हाणी हे आधार समितीचं. मी म्हटलं मॅडम, मी तिची अध्यक्ष आहे, पहिल्या दिवसापासून. साईनाथ वडापाववाला आमचा खजिनदार, दर रविवारी केळी-चिक्की त्याच्याकडून. सरोज गणवेशाची बटणं लावते, उसवलेलं शिवते. मॅडम म्हणाल्या, ठाणे जिल्ह्यात आधार समिती नुसती फळ्यावर असते, तुमची चालते. मला एवढा आनंद झाला की मी त्यांना परत चहा पाजला.

मग त्यांनी विचारलं, प्रमुख कुठे आहेत?

मी सांगितलं, गावाला गेलाय. शाळू पेरायला.

आता यात खोटं काय आहे? तू गावालाच आहेस. शाळू तू पेरलास की नाही ते मला काय माहीत, पण लोक पेरतात ना या दिवसांत. साईनाथ माझ्याकडे बघत राहिला. सरोज तिथे होती, तिने खाली बघितलं.

तू काही मनाला लावून घेऊ नकोस. प्रीतम ठीक आहे, सरोजचा मुलगा. उंची वाढलीय त्याची. दर रविवारी येतो. तुझं नाव काढत नाही पण तू उभा राहायचास ना पिंपळापाशी, तिथे कोणाला उभं राहू देत नाही. काल साईनाथचा स्टूल तिथे होता, तो पण याने उचलून बाजूला ठेवला.

गुडघा दुखतोय, थंडी अजून पडली नाही तरी. तिकडे थंडी पडली काय? तुझं ते राखाडी स्वेटर इथेच राहिलंय.

आक्का

मोहने
२९ नोव्हेंबर

सहदेव,

तुझा निरोप मिळाला. फोन माझा उचलत नाहीस, सान्वीचा बरा उचलतोस! ती पोर बिचारी माझ्यापुढे सावधान उभी राहून सांगत होती: "आबा म्हणाले, आधी समितीने मत मागे घ्यावं, मग बघू."

तर ऐक. मत मागे घेणार नाही.

मे महिन्याचं ऊन होतं. तेरा वर्षांचं पोर, बूट पॉलिश केले नाहीत म्हणून तू त्याला भर दुपारी उभं केलंस. मी साईनाथला सांगून पाणी पाठवलं, तू ते परत पाठवलंस. मग ते पडलं. हनुवटीला टाके पडले त्याच्या. समितीपुढे तू काय म्हणालास? "फौजेत असंच असतं." अरे, पण ही फौज आहे का? ही आपल्या शेजारपाजारची पोरं आहेत. तू वीस वर्षं फौजेत होतास, हवालदार होऊन आलास, त्याचा मला अभिमान आहे, गल्लीत सगळ्यांना सांगत असते. पण तू मैदानात हुकूम देणार आणि बाहेर आम्ही पोरांचं बघणार, हे ठरलेलं ना? बारा वर्षांपूर्वी तूच आम्हाला बसवून सांगितलेलंस. समितीत तिघे तुझ्या बाजूने, तिघे सरोजच्या. राहिले मी. सगळे माझ्याकडे बघत होते, सख्खी बहीण काय करते म्हणून. मी हात वर केला. आज पण करीन.

आणि मागितलं काय होतं रे तुझ्याकडे? प्रीतम आणि त्याच्या आईपुढे एकदा म्हणायचं, चुकलं. आणि एक महिना कवायत घ्यायची नाही. तू कपाटाच्या किल्ल्या टेबलावर टाकल्यास, "आक्का, तू पण?" म्हणालास आणि संध्याकाळच्या एसटीने गावाला. शिट्टी तेवढी गळ्यातच घेऊन गेलास. आता गुरांना वाजवतोस काय?

बघ, लिहिता लिहिता चिडले. शाई पसरली इथे.

आता जे आधी लिहिलं नाही ते लिहिते. मॅडम नुसत्या चौकशीला नव्हत्या आलेल्या. मुख्यालयाचा नियम असा की सहा महिने प्रमुखाची जागा रिकामी राहिली तर ती तुकडी बंद करायची आणि पोरं जवळच्या दुसऱ्या तुकडीत पाठवायची. आपल्या जवळची म्हणजे डोंबिवलीला कोपरची. आता कोपर का जवळ आहे? मोहन्याहून पहाटे रिक्षा, मग गाडी, मग चालत. मुलगे जातील एकवेळ. मुलींना कोण पाठवणार? मी दारोदार विचारून आले. कोणी नाही म्हणालं नाही, पण सगळ्या म्हणाल्या, "बघू, ह्यांना विचारते." म्हणजे कळलंच की. आपल्या तुकडीत मुली जास्त आहेत, मुलांपेक्षा. रघु पण सान्वीला पाठवणार नाही, मला आत्ताच सांगून ठेवलंय त्याने. सान्वीने ते ऐकलं. रडली नाही. बूट काढले, पॉलिश केले, परत कपाटात ठेवले.

मी शाळू पेरायला गेलाय म्हणाले म्हणून मॅडमनी अजून कागद पुढे पाठवला नाही. "पेरणी आटपली की येतील ना?" म्हणाल्या. मी हो म्हणाले. त्या परत येणार आहेत, तारीख कळवतो म्हणाल्या. तेव्हा पिंपळाखाली प्रमुख उभा पाहिजे. नाहीतर मोहने तुकडी संपली.

असं आहे सगळं. तुला यायचं तर ये. "चुकलं" म्हणायचं तर म्हण. मत जिथं आहे तिथंच आहे.

तुझं स्वेटर धुतलंय.

आक्का

मोहने
१३ डिसेंबर

सहदेव,

तू काही कळवलं नाहीस. मी पण रोज दारात बघणं सोडलंय. म्हणजे, बघते, पण पोस्टमनला विचारत नाही.

इकडे काय झालंय ते ऐक, तू हसशील. मंगळवारी अंतरा मॅडमचा फोन. "आजी, त्या दिवशी ट्रे घेऊन आलेली मुलगी, तिचा नंबर द्याल का?"

मी फोन ठेवला आणि आधी देवापुढे साखर ठेवली. म्हटलं चित्राबाई गेल्या उडत, हा अद्वय काय वाईट आहे? तीन ताटल्या पोहे खाल्लेले त्याने, ते काय उगाच? मानधन तर मानधन, होईल कायम. बेसन भाजायला घेतलं. सूनबाई म्हणाली, आई, नुसता नंबर मागितला त्यांनी. मी म्हटलं, तुला काय कळतंय, माझ्या वेळी तर नंबर पण नव्हते.

रात्री रुचिता कामावरून आली. कल्याणला लॅबमध्ये असते ना ती, रक्त काढतात तिथे. तिच्यापुढे लाडूचा डबा ठेवला.

"कशाचे?"

"तू सांग कशाचे. फोन आला की नाही?"

"आला. आजी, त्या मला तुकडीची प्रमुख हो म्हणतायत."

माझ्या हातात लाडू तसाच.

तिने सगळं सांगितलं. दलाचा नियम आहे म्हणे, एकवीसच्या वरचा कोणीही, ज्याने दलाची शेवटची परीक्षा पास केलीय, तो मुख्यालयात आठ रविवार शिकून प्रमुख होऊ शकतो. तोवर हंगामी. रुचिताने ती परीक्षा तुझ्याच हाताखाली पास केलेली, पहिली बॅच तुझी. मॅडमनी त्या दिवशी तिला पीछे मुड करताना बघितलं आणि घरी जाऊन त्यांनी जुनी नावं काढून बघितली. म्हणजे बघ, बघायला आले एक आणि पसंत करून गेले दुसरेच!

रघुने थयथयाट केला. "लग्नाची मुलगी, दर रविवारी मैदानात? कोण करणार मग?" मी पण आधी त्याच्याच बाजूने होते, खोटं कशाला सांगू. मला नातजावई पाहिजे होता, मंडप पाहिजे होता. सगळ्या बायकांना साड्या घ्यायच्या असं पण मी ठरवून बसले होते.

रुचिता म्हणाली, "पप्पा, ते केदार आले होते ना, त्यांनी माझ्याकडे एकदा पण बघितलं नाही. हे लोक चहा प्यायला आले आणि माझे पाय बघून गेले."

"म्हणजे काय?" रघु म्हणाला.

"म्हणजे मला काय येतं ते बघितलं त्यांनी."

मग रघुने डबा पुढे ओढला. तो लाडू खायला लागला, म्हणजे निम्मं झालं.

पण एक अडचण आहे. ती तुझीच आहे म्हणून तुला कळवायला हवी. तुला ठाऊकच असेल, तुझ्याच काळात झालेला नियम आहे. जुन्या प्रमुखाने तुकडीपुढे उभं राहून नव्या प्रमुखाला चार्ज दिल्याशिवाय नवा प्रमुख होत नाही. सामान मोजून द्यायचं, तुकडी नावानिशी दाखवायची, मग सॅल्यूट. जुना प्रमुख देवाघरी गेला असेल तरच मुख्यालय स्वतः देतं. मॅडमनी मला विचारलं, "शाळू झाला असेल ना पेरून?"

मी त्यांना खरं सांगून टाकलं. सगळंच, प्रीतमचं, मताचं, किल्ल्यांचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आजी, समितीने केलं ते समितीचं कामच होतं. पण चार्ज त्यांनीच द्यायचा."

मला तुला बोलवायचं नाही. नुसतं कळवलं.

आक्का

मोहने
२४ डिसेंबर

सहदेव,

हे थोडक्यात. डोळ्याला थेंब घालतेय, जास्त लिहू नका म्हणाला डॉक्टर.

रुचिता दोन रविवार ठाण्याला शिकायला जाऊन आली. परत येते ती पाय ओढत, पण तोंड बघावं तिचं. मुख्यालयात तिला तो अद्वय शिकवतो. मी काही विचारत नाही. ती पण काही सांगत नाही. डबा मात्र हल्ली दोन माणसांचा नेते.

काल सरोज आली होती. गणवेश शिवायचे होते, बोलता बोलता म्हणाली, "काकी, सर येणार का?" मी म्हटलं, माहीत नाही. ती बराच वेळ सुई ओवत बसली. मग म्हणाली, "मला आता माफी-बिफी नको. त्यांनी चार्ज देताना पोरांची नावं घ्यायची असतात ना? प्रीतमचं नाव घेतलं तरी पुरे."

हे मी तुला सांगायचं की नाही यावर रात्रभर नाही पण जेवणभर विचार केला. सांगते. पण सरोजने सोडलं म्हणून मी सोडलं असं समजू नकोस. मी समितीची अध्यक्ष आहे, मला सोडता येत नाही. त्या दिवशीचं मत वहीत तसंच राहणार. त्याच्या शेजारून तू मैदानावर चालत येऊ शकतोस, जागा बरीच आहे.

आणि एक. आपल्या आईने तुला फौजेत जाताना दारात काय सांगितलेलं आठवतं? मी होते तिथे. ती म्हणालेली, "हुकूम ऐक, पण जेवून घे." बाकी काही नाही. मला हल्ली ते सारखं आठवतं. प्रीतम त्या दिवशी सकाळी जेवला नव्हता, हे तुला कोणी सांगितलं नसेल. त्याची आई नाईटला होती.

रविवारी ठाण्याला जायच्या आधी रुचिता सहाला मैदानावर असते, कवायत अजून नाही, पण पोरांना नवीन शिस्त लावलीय. दर अर्ध्या तासाला पाणी, हुकमाने. "पानी पी!" म्हणते आणि सगळी बाटल्या उचलतात एकदम. बघायला मजा वाटते.

मी आता तुझी वाट बघत नाही. खरंच. दारातली खुर्ची आत घेतलीय.

आक्का

मोहने
३ जानेवारी

सहदेव,

तुझं कार्ड आलं. पोस्टमन स्वतः दारापर्यंत आला, म्हणाला, "आजी, तुमचं आलं बघा!" आख्ख्या चाळीने ऐकलं. सूनबाईने वाचलं, मग सान्वीने, मग रुचिताने, मग मी परत. एका ओळीत काय वाचायचं एवढं?

"मैदानावर फक्की कोण मारतं?"

ना सही, ना आशीर्वाद, ना नमस्कार. रघु म्हणतो, हे काय उत्तर झालं? मी म्हटलं तू तुझ्या मामाला ओळखत नाहीस.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. फक्की मी मारते. तू गेल्यापासून मीच. डब्याला भोकं पाडून घेतलीत, त्यात पांढरी भुकटी भरते आणि वाकून वाकून ओढते. वाकडी पडते. एक रेघ चिमणीकडे जाते आणि दुसरी नदीकडे. सान्वी तोंडावर काही बोलत नाही, पण नंतर पायाने पुसते, मी बघितलंय. प्रीतम दोरी धरतो, तरी वाकडी. माझे हात भाकरीचे आहेत, रेघेचे नाहीत.

तुझी खोली झाडून ठेवलीय असं लिहिणार नव्हते पण सूनबाईने झाडली. स्वेटर खुंटीला आहे. शिट्टी आणशील तर आण, रुचिताकडे नवीन आहे, पण तिचा आवाज पातळ आहे आणि मला सहाला जाग येत नाही तिच्याने.

साईनाथ विचारत होता, सर आले तर बोलायचं काय? मी म्हटलं, काही बोलायचं नाही, केळी दे.

एसटीचा पास तुझा जुनाच चालेल काय? ज्येष्ठांना सवलत आहे, कार्ड बरोबर घे. कल्याणला उतर, रघु येईल रिक्षा घेऊन. तो येईल, मी त्याला शहाडची भाडी घेऊ देणार नाही त्या दिवशी.

आदल्या दिवशीच ये. फक्की सकाळी उजाडायच्या आत मारून झाली पाहिजे आणि यावेळी तरी सरळ पाहिजे. पोहे मी दुप्पट करतेय, तो अद्वय पण असणार आहे.

आता आशीर्वाद, आधी राहिलेले पण यातच धर.

मॅडमचा काल फोन होता. चार्ज बघायला येतो म्हणाल्यात, रविवारी, अकरा जानेवारीला.

आक्का